वाचक विचारतात : रियुनियनचा जिवंत ज्वालामुखी आणि सोलापूरचा काळा पाषाण

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे. कारभाराच्या दृष्टीनं तो फ्रान्सचाच एक जिल्हा. बेटाच्या आग्नेय भागात ‘पितों द ला फुर्नेज’ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. नावाचा अर्थ ‘भट्टीचं शिखर’. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून जास्त उद्रेक नोंदले गेले आहेत. सोलापूरपासून तो सुमारे ४,८५० किलोमीटर दूर आहे, तरी सोलापूर जिल्ह्यातून त्याच्याविषयी इतके प्रश्न यावेत यात नवल नाही. आपल्या पायाखालचा खडक कसा तयार झाला हे आज जिवंतपणी दाखवणारी जागा हीच आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : शेतात बोअर मारला. आधी काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि २१० फुटांवर तांबडी माती. तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या आणि पाषाण. बोअरवाले म्हणाले, ‘तांबडी लागली, आता पाइप उतरवावा लागणार.’ दगडाच्या खाली माती कशी काय? आणि हा खडक त्या बेटावरच्या ज्वालामुखीतून आलाय असं म्हणतात, ते खरं का? – शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : तुमच्या बोअरमध्ये लाव्ह्याचे निदान दोन थर लागले आहेत आणि तांबडी हा त्या दोघांमधला सांधा आहे. खालचा थर ओतला गेला, थंड झाला आणि पुढचा उद्रेक होईपर्यंत ऊन-पावसात उघडा पडला. त्याचा माथा कुजला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला, चिकणमाती तयार झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि त्यानं ती माती वीटभट्टीतल्यासारखी भाजली. म्हणून रंग विटेचा.

प्रत्येक थराची रचना ठरलेली असते. लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर चढतात आणि माथ्याशी अडकतात, म्हणून थराचा वरचा भाग भोकाभोकांचा असतो. पुढे पाझरणाऱ्या पाण्यानं त्या भोकांत पांढरी-हिरवट खनिजं भरली की आपण त्याला मांजऱ्या म्हणतो. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, तो सलग, जड आणि काळा : हाच पाषाण. बुडाशी पुन्हा थोडी भोकं असतात, बरेचदा बोटाएवढ्या उभ्या नळ्यांसारखी.

आता पाण्याचं. पाणी मिळतं ते मुरमात, कुजलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. सलग पाषाण कोरडा. तांबडी तर पाणी खाली जाऊच देत नाही, त्यामुळे पुष्कळदा तिच्या लगेच वर पाणी साठलेलं असतं. पण ती भिजली की फुगते, ढासळते, बोअर बुजतो आणि मोटर अडकते. केसिंग फक्त वरच्या मुरमापुरतं घातलं तर खालची तांबडी उघडीच राहते. म्हणून बोअर चालू असतानाच दोन आकडे वहीत लिहून घ्या : पाणी किती फुटांवर लागलं, आणि तांबडी कुठून कुठपर्यंत आहे. मग आतून लहान व्यासाचा पाइप उतरवताना पाण्याच्या जागी छिद्रांचा पाइप आणि तांबडीसमोर बिनछिद्राचा पाइप येईल असं बघा. सगळीकडे बिनछिद्राचा पाइप घातला तर तांबडी थोपते, पण पाणीही बंद होतं. ही चूक फार होते.

तांबडीची पहिली पायरी रियुनियनवर आजही बघता येते. तिथे समुद्राकडच्या ओल्या उतारावर काही वर्षांतच नव्या लाव्ह्यावर राखाडी-चंदेरी लायकेन धरतं. आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाची ही जातभाई. मग नेचे येतात, मग झुडपं. पाऊस भरपूर असल्यानं दगड कुजायला वेळ लागत नाही. याच डोंगरावरच्या कोमेर्सों विवरापाशी फेब्रुवारी २००७ च्या चक्रीवादळात ७२ तासांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याकडचे पाच ते सात पावसाळे तीन दिवसांत कोसळले म्हणा.

राहिला नात्याचा प्रश्न. तुमचा खडक त्या डोंगरातून आलेला नाही. तो डोंगर जेमतेम साडेपाच लाख वर्षांचा आहे आणि तुमचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. पण दोघांच्या खाली आच एकच होती, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : दख्खनचं पठार आणि रियुनियन यांचा संबंध नववीच्या मुलांना नकाशावर कसा दाखवावा? – शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, शिलाई मशीन घ्या. सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड सरकतं आणि टाक्यांची ओळ उमटते. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्ण खडकाचा झोत ही सुई आणि भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, हे कापड.

मुलांना हिंदी महासागराचा नकाशा द्या आणि पुढची ठिकाणं क्रमानं खुणा करून त्यावर वय लिहायला सांगा. दख्खन, ६.६ कोटी वर्षं. मालदीवच्या खालचा ज्वालामुखी खडक, सुमारे ५.७ कोटी. चागोस बेटांखालचा, सुमारे ४.९ कोटी. मालदीव आणि चागोसचे आकडे १९८७ साली जहाजावरून समुद्रतळात छिद्र पाडून काढलेल्या खडकांवरून मिळाले. पुढे मस्कारीनचं बुडालेलं पठार, सुमारे ३.१ ते ३.३ कोटी. मग मॉरिशस, ८०-९० लाख. शेवटी रियुनियन, जिथे आज लाव्हा वाहतो.

मुलं इथे एक अडचण काढतील आणि ती काढावीच. चागोस आणि मस्कारीन पठार यांच्यात समुद्राचं मोठं अंतर आहे. ओळ तुटलेली दिसते. कारण मध्ये महासागरी पर्वतरांग आहे. तिच्या दोन्ही अंगांना नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात. ही रांग सरकत सरकत त्या झोतावरून गेली. तोवरचे टाके भारतीय पट्टावर पडले, नंतरचे आफ्रिकेच्या पट्टावर. म्हणजे सुई एका कापडावरून दुसऱ्या कापडावर आली आणि मग दोन्ही कापडं लांब ओढली गेली. दोन रंगांच्या चिंध्या कडेला कड लावून शिवा आणि मधली शिवण उसवून दाखवा, एका तासात समजतं.

आणखी एक सांगा : दख्खनचा लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. नंतर काही काळ तो वर्षाला १५ सेंटिमीटरांहून अधिक वेगानं उत्तरेकडे सरकला. भूपट्टांच्या हिशेबात हा वेग फारच मोठा आहे.

प्रश्न : याला ‘ढाल ज्वालामुखी’ का म्हणतात? फोटोत तर उंच डोंगरच दिसतो. – विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तुला दिसतो तो फक्त शेंडा. समुद्रतळापासून मोजलं तर रियुनियनचा डोंगर सुमारे ७ किलोमीटर उंच आणि बुडाशी २२० ते २४० किलोमीटर रुंद आहे. वहीवर या मापाचा त्रिकोण काढून बघ. सरासरी उतार साडेतीन अंशांच्या आसपासच येतो. जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल अशीच दिसते. पाण्याच्या वर या सगळ्याचा अगदी लहानसा भाग आहे.

उतार इतका कमी, कारण लाव्हा पातळ. त्यात लाव्ह्याला चिकट करणारी सिलिका जेमतेम निम्मी आणि तापमान ११५० ते १२०० अंश सेल्सिअस. तरीही तो पाण्याच्या दहा हजार ते लाख पट चिकट असतो, हे विसरू नकोस. गुऱ्हाळात काकवी आणि गुळाचा पाक बघितला असशील. काकवी पसरत जाते, पाक उतरवायला उशीर झाला तर तो घोटतानाच खडे धरतो. लाव्ह्याचंही तसंच. गरम आणि सावकाश वाहिला तर वर मऊ साय धरते, ती ढकलली जाऊन दोरखंडासारख्या वळ्या पडतात. याला पाहोईहोई म्हणतात. थंड होत आला किंवा उतारावर जोरात ओढला गेला की साय फाटते आणि धारदार ढेकळांचा ढीग होतो, ते आ-आ. दोन्ही नावं हवाई बेटांवरची. एकच प्रवाह वर पाहोईहोई असतो आणि खाली जाता जाता आ-आ होतो. उलटं सहसा होत नाही.

प्रश्न : उद्रेक होणार हे आधी कळतं का? किती आधी? – निवृत्त अभियंता, होटगी रोड

उत्तर : या ज्वालामुखीवर बहुतेक वेळा कळतं, पण मुदत फार कमी मिळते. १९७७ च्या उद्रेकानंतर तिथे पॅरिसच्या भूभौतिकी संस्थेनं वेधशाळा उभारली. डोंगरावर भूकंपमापक, जीपीएस, कलमापक आणि वायू मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत.

क्रम साधारण असा. माथ्याखाली दोन-अडीच किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीच्या पातळीला, शिलारसाचा, म्हणजे अजून जमिनीखाली असलेल्या वितळलेल्या खडकाचा, साठा आहे. त्यात खालून भर पडली की माथा फुगतो. जीपीएसचे दोन खांब विवराच्या दोन बाजूंना असतील तर त्यांच्यातलं अंतर आठवड्यांत काही सेंटिमीटर वाढतं. रोजचे बारीक भूकंप पाच-दहावरून पन्नास-शंभरावर जातात. ते इतके छोटे असतात की माणसाला जाणवत नाहीत. शेवटी साठ्याचं छत फाटतं आणि शिलारस उभ्या फटीतून वर निघतो. तेव्हा भूकंपांची झुंबड उडते आणि कलमापकाची रेघ सरळ वर जाते. कलमापकाचं एकक समजून घ्या : १ किलोमीटर लांबीच्या पट्टीचं एक टोक १ मिलिमीटर उचललं की जो कल होतो, तो १ मायक्रोरेडियन. फट उघडताना अशी दहा-दहा, शंभर-शंभर एककं थोड्या वेळात सरकतात. लाव्हा बाहेर पडला की सुटे भूकंप थांबतात आणि सलग थरथर सुरू होते. ती थरथर म्हणजेच उद्रेक चालू असल्याची पावती.

झुंबड उडाल्यापासून लाव्हा दिसेपर्यंत बहुधा अर्ध्या तासापासून काही तासांचाच अवधी असतो. मार्च १९९८ मध्ये मात्र तो सुमारे ३६ तासांचा होता, कारण शिलारस समुद्रसपाटीखाली पाच किलोमीटरवरून वर येत होता. तो उद्रेक पुढे १९६ दिवस चालला.

चूक कुठे होते? पहिली गोष्ट, प्रत्येक फट वर पोचत नाही. दाब कमी पडला किंवा वाटेतला खडक आडवा आला तर शिलारस आतच थिजतो. इशारा दिला जातो आणि उद्रेक होत नाही. याला खोटा इशारा म्हणणं अन्यायाचं आहे, कारण शिलारस खरोखरच हललेला असतो. दुसरी गोष्ट जास्त घातक. फट वर न येता आडवी पळते आणि लाव्हा माथ्यावर नव्हे तर खाली वस्तीजवळ फुटतो. त्यामुळे भूकंप किती यापेक्षा ते कुठल्या दिशेला सरकत आहेत यावर लक्ष ठेवावं लागतं. तिसरी गोष्ट तुमच्या व्यवसायातली : कलमापक पाऊस आणि ऊन दोन्हींनी फसतो. म्हणून एका यंत्रावर कोणी निर्णय घेत नाही.

प्रश्न : २००७ साली त्या ज्वालामुखीचा माथाच खचला असं ऐकलं. वर स्फोट झाला होता का? – वाचक, पंढरपूर

उत्तर : स्फोटानं नव्हे, बूड रिकामं झाल्यानं माथा खचला. २ एप्रिल २००७ रोजी माथ्यापासून सुमारे ७ किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासून अवघ्या ६०० मीटर उंचीवर जमीन फाटली. टाकीला तळाशी तोटी बसवल्यासारखं झालं. महिनाभरात २० कोटी घनमीटरांच्या आसपास लाव्हा बाहेर पडला. आपल्या हिशेबात सात टीएमसी. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी धरली तर तिचा सुमारे सतरावा भाग, आणि तोही वितळलेल्या दगडाचा. बेटाला वळसा घालणारा महामार्ग त्याखाली गेला. काही ठिकाणी थराची जाडी ६० मीटरपर्यंत होती. लाव्हा समुद्रात उतरला आणि बेटाची जमीन थोडी वाढली.

साठा रिता होऊ लागला तसा वरच्या डोलोमियू विवराच्या तळाचा आधार गेला. ५ एप्रिलच्या मध्यरात्री पहिला मोठा हादरा बसला. विवराचा तळ एकदम कोसळला नाही. हातपंपाच्या दट्ट्यासारखा तो टप्प्याटप्प्यानं खाली गेला. एक टप्पा खचला की खालचा शिलारस दाबला जाई, तळाच्या तोटीतून लाव्ह्याचा जोर वाढे, साठा आणखी रिकामा होई आणि पुढचा टप्पा खचे. सुरुवातीला दोन टप्प्यांत सुमारे दोन तासांचं अंतर होतं, नंतर ते कमी होत गेलं. काही दिवसांत एक किलोमीटर लांबीचं विवर ३०० मीटरांहून खोल झालं. त्याच सुमारास डोंगराचा पूर्व उतारही समुद्राच्या दिशेनं सरकला. उपग्रहाच्या रडारनं काही जागी ही सरक एक मीटरहून जास्त मोजली. समुद्राकडची बाजू मोकळी असते, तिला टेकू नसतो, म्हणून बेटांवरच्या ढाल ज्वालामुखींचे उतार असे घसरतात. सगळ्या उद्रेकात अभ्यासकांना आजही जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे.

प्रश्न : लाव्हा थंड व्हायला किती दिवस लागतात? – गृहिणी, सोलापूर

उत्तर : वरची साय काही मिनिटांत काळी पडते, पण दगड उष्णता फार हळू सोडतो. हवाईवर पाहोईहोई लाव्ह्यावर घेतलेल्या मोजमापांतून हिशेब निघाला तो असा : १० सेंटिमीटर कवच धरायला सुमारे पावणेदोन तास, १ मीटरला जवळजवळ ७ दिवस, ५ मीटरला साडेपाच महिन्यांहून जास्त. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. या नियमानं २००७ चा ६० मीटरचा थर वरून-खालून थंड होत असला तरी त्याच्या पोटात वर्षानुवर्षं धग राहणार. पावसाचं पाणी भेगांत शिरून ते काम थोडं लवकर करतं. तिथे उद्रेकानंतर बराच काळ पाऊस पडला की वाफा निघत. कवच काळं दिसलं म्हणून पाय ठेवू नये, याचं कारणही हेच : १० सेंटिमीटरच्या सायीखाली पिवळा-नारिंगी रस असू शकतो.

प्रश्न : लाव्हा चर्चच्या दारात येऊन थांबला, असा फोटो मोबाइलवर फिरतोय. खरं आहे का? – वाचक, अक्कलकोट

उत्तर : खरं आहे. एप्रिल १९७७ मध्ये पितों सेंट रोज गावात लाव्हा शिरला, चर्चला दोन्ही बाजूंनी वळसा घालून उंबरठ्यापाशी थिजला. गाव आधीच रिकामं केलेलं होतं, म्हणून माणसं वाचली. शेजारची घरं गेली. श्रद्धेच्या बाजूनं आम्ही काही बोलत नाही. भूविज्ञानाच्या बाजूनं इतकंच की प्रवाहाच्या कडा आधी थिजून बांध घालतात, भिंत आडवी आली की रस कमी अडथळ्याच्या बाजूला वळतो, आणि मागून पुरवठा कमी होत असेल तर शेवटचा हात-दोन हात तो पुढे जाऊ शकत नाही.

प्रश्न : सोलापुरात पुन्हा ज्वालामुखी फुटेल का? किल्लारीचा भूकंप त्याचाच होता का? – वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : नाही आणि नाही. आच आता रियुनियनखाली आहे, आपल्याखाली नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप जुन्या खडकातल्या ताणाचा होता. नंतर तिथे खोल बोअर घेतला तेव्हा बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, जाडी ३३८ मीटर निघाली, खाली थोडा गाळाचा खडक आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. कोयनेकडे हीच जाडी ९०० मीटरांहून जास्त भरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना लाव्ह्याचा ढीग असा पातळ होत जातो.

प्रश्न : विहिरीच्या दगडात पांढरे चमकणारे खडे सापडले. त्या बेटावरच्या दगडात हिरवे दाणे असतात असं वाचलं. आमच्याकडचे पांढरे का? घरी ओळखता येतील का? – विद्यार्थिनी, करमाळा

उत्तर : हिरवे दाणे म्हणजे ऑलिविन. ते शिलारसातच तयार होतात आणि २००७ च्या लाव्ह्यात खच्चून भरलेले होते. हे खनिज हवा-पाण्यात टिकत नाही. आपल्या जुन्या खडकात ते असलं तरी बहुधा कुजून तांबूस ठिपका उरलेला असतो. तुझे पांढरे खडे लाव्ह्याबरोबर आलेले नाहीत, ते पुढे भोकांत पाण्यानं भरलेले आहेत. रियुनियनचा नवा दगड फोडला तर भोकं रिकामीच दिसतात.

ओळखायची पद्धत सोपी. खडा धुऊन वाळव. पोलादी चाकूच्या टोकानं ओरखडा काढ. ओरखडा उठलाच नाही आणि चाकूचीच काळपट रेघ उमटली तर ती गारगोटीच्या कुळातली. ओरखडा उठला तर खड्याची चिमूटभर पूड कर, बशीत घे आणि तीन-चार थेंब व्हिनेगर टाक. बारीक बुडबुडे सुटले तर कॅल्साइट. बुडबुडे नाहीत, पण खडा मोत्यासारखा चमकतो किंवा सुयांच्या पंख्यासारखा उलगडलेला आहे, तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. पूड करायला विसरू नकोस. अख्ख्या खड्यावर व्हिनेगर इतकं हळू काम करतं की कॅल्साइटही गप्प बसतो आणि उत्तर चुकतं. खडा विहिरीच्या कोणत्या फुटावर सापडला तेही लिहून ठेव, आणि जमलं तर त्याच्या वर-खाली तांबडी आहे का ते बघ.